पहिलं माप

"किती घातलेस रे?" डॉक्टर हत्तरकींनी बाळगोंडाच्या नाकपुडीत बॅटरीचा उजेड पाडत विचारलं.

"शंभर," बाळगोंडा म्हणाला.

त्याची आई दवाखान्याच्या बाकावर मटकन बसली. मी त्याचं डोकं धरून उभी होते. डॉक्टरांनी चिमटा आत घातला, बाळगोंडानं सगळी पेठ गोळा होईल असा सूर लावला आणि एक निळा मणी टुण्णकन बशीत पडला. डॉक्टरांनी पुन्हा उजेड पाडला. दुसरी नाकपुडी पाहिली, मग दोन्ही कानही पाहिले.

"बाकीचे नव्याण्णव कुठायत?"

"एवढाच घातलाय की," बाळगोंडा मुसमुसत म्हणाला.

"मग शंभर कशाला म्हणालास?"

"शंभर म्हटलं की बाई शाबास म्हनतात."

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ह्याला शंभरपर्यंत मोजता येतं म्हणे?"

"न चुकता," मी ताठ मानेनं सांगितलं.

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि नाकात घालायचे थेंब लिहून देऊ लागले. त्यांचं ते "बरं" मला परतीच्या वाटेवर चांगलंच टोचत राहिलं.

ही गोष्ट गडहिंग्लजची, सत्त्याहत्तर सालच्या मार्चमधली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्याहून बालशिक्षणाचा वर्षभराचा कोर्स करून आले होते आणि आता ह्या विषयात शिकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. महिला मंडळानं पेठेमागच्या एका जुन्या गुळाच्या वखारीत बालवाडी काढली होती. भिंती शेणानं सारवलेल्या, कौलांतून उन्हाचे कवडसे, आणि जमिनीत इतक्या वर्षांचा गूळ मुरलेला असल्यामुळे मुंग्यांची पिढीजात वस्ती. तेवीस मुलं होती. वर्षभर इथे काढायचं, अनुभवाचा दाखला घ्यायचा आणि पुण्याला परतायचं, असा माझा बेत पक्का होता.

रंगीत मण्यांची पेटी मी माझ्या ट्रंकेतून आणली होती. मुलांनी गोल बसायचं, मणी ओवायचे आणि माझ्यामागून "एक, दोन, तीन" म्हणायचं. मुलं खड्या आवाजात म्हणायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकायची, मला बरं वाटायचं. बाळगोंडा तर एका दमात शंभर गाठायचा. त्याला चार खडू आण म्हटलं की तो मूठभर आणायचा, पण तो त्याच्या धसमुसळेपणाचा भाग असणार, असं मी धरून चालले होते.

ह्या गजरात एकच तोंड बंद असायचं. रत्नाचं. रत्ना पेठेच्या टोकाला चिरमुऱ्यांची भट्टी चालवणाऱ्या दुंडाप्पांची थोरली मुलगी. साडेपाच वर्षांची, काटकुळी, वेण्यांना कायम राखेचा वास. गाणी म्हणायची, फुगडी घालायची, कुणी रडलं तर त्याचं नाक आपल्या परकरानं पुसायची. पण "एक ते दहा म्हण" असं म्हटलं की ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत बसायची. लाडीगोडी करून झाली, खाऊचं आमिष दाखवून झालं, एकदा कोपऱ्यात उभंही करून झालं. ती जी गप्प, ती गप्प.

सुरुवातीपासून अशी नव्हती ती. जूनमधल्या पहिल्याच दिवशी मी मुलांना दारात रांगेत उभं केलं होतं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजून आत घेत होते. ही पोर पुढे सरसावली आणि म्हणाली, "मी मोजू?" मला कौतुक वाटलं. म्हटलं, मोज. तिनं रांगेतल्या पहिल्या मुलाच्या डोक्यावर अलगद हात ठेवला आणि म्हणाली, "लांब."

"लांब नको गं," मी म्हटलं, "सगळे जवळजवळ उभे राहा."

पोरं खिदळायला लागली. ती पुन्हा म्हणाली, "लांब." मी पुन्हा मुलांना जवळ सरकवलं. कुणीतरी "लांब, लांब" म्हणत उड्या मारायला लागलं आणि रांग मोडली. मग मीच भराभरा मोजून सगळ्यांना आत घेतलं. हा प्रसंग मी त्याच संध्याकाळी विसरूनही गेले.

मार्च उजाडला तेव्हा आमच्या शेजारच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर कानडे गुरुजी यांच्याकडे मुलांची यादी पाठवायची वेळ आली. पहिलीत कोण बसेल आणि कुणाला वर्षभर थांबवायचं, ते गुरुजी स्वतः येऊन ठरवायचे, पण आधी बाईंचा शेरा लागायचा. बाळगोंडाच्या नावापुढे मी लिहिलं, "शंभरपर्यंत उत्तम." रत्नाच्या नावापुढे लिहिलं, "संख्याज्ञान नाही. एक वर्ष थांबवावे." निळ्या शाईनं, माझ्या वळणदार अक्षरात.

यादी पोचली त्याच दिवशी दुपारी दुंडाप्पा वखारीच्या दाराशी येऊन उभे राहिले. अंगात बंडी, डोक्याला फडकं, भुवया भट्टीच्या आचेनं पिंगट झालेल्या.

"बाई, आमची रत्नी थांबणार म्हनं?"

"वर्षभरच," मी म्हटलं. "अजून तिला मोजता येत नाही."

त्यांनी डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. मग म्हणाले, "वरीसभर घरात बसली की बसलीच बगा. धाकटं पोरगं पाळण्यात हाय. तेची आई दिवसभर कढईम्होरं. पोरगी घरात ऱ्हायली की पोरगं तिच्या काखंत जानार, आन् एकदा काखंत पोर आलं की पुना साळा कुठली? औंदा घेतली तर घेतली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जे होणार आहे ते त्यांनी सरळ सांगितलं आणि निघून गेले. मला वाईट वाटलं, पण खोटा शेरा लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्वांचा माझ्याकडे तेव्हा भलताच साठा होता.

मण्याचं प्रकरण झालं ते त्यानंतर दोन दिवसांनी. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी त्याच संध्याकाळी मण्यांच्या पेटीला कुलूप लावलं. आता मोजायला काय घ्यायचं? खडे घेतले तर तेही नाकात जाणार. चिंचोके घेतले तर तेच. नाकात गेलं तरी विरघळेल आणि पोटात गेलं तरी चालेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून चिरमुरे घ्यायचं ठरवलं आणि शनिवारी दुपारी पिशवी घेऊन दुंडाप्पांच्या भट्टीवर गेले.

भट्टीवर दुंडाप्पा नव्हते. त्यांची बायको काशव्वा मोठ्या कढईतल्या तापल्या वाळूत तांदूळ टाकून झाऱ्यानं हलवत होती. तडतडत फुलणाऱ्या दाण्यांचा आवाज आणि धूर एवढा, की मी आलेली कुणाला कळलंच नाही. पलीकडे चिरमुऱ्यांचा माझ्या कमरेएवढा ढीग. एक जत्रेचा व्यापारी पोत्याचं तोंड धरून बसला होता आणि ढिगाच्या मागे कुणीतरी लाकडी मापानं त्याच्या पोत्यात चिरमुरे ओतत होतं. मला फक्त आवाज ऐकू आला. बारीक, सुरेल, ठाम.

"लाब... लाब... लाब. दोन... दोन. तीन... तीन... चार."

पुढचं माप भरेपर्यंत मागचा आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे विसरायला होत नाही, अशी ती रीत होती. आवाज चढत गेला. अकरा, बारा. सोळा. एकोणीस, एकोणीस, वीस. वीस झाल्यावर एक छोटा हात ढिगामागून आला, त्यानं कोळशाचा एक खडा जमिनीवर ठेवला आणि पुन्हा सुरू झालं, "लाब... लाब... दोन."

मी ढिगाला वळसा घालून पुढे झाले. रत्ना होती. मांडी घालून बसलेली, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधलेली. मोजता मोजता दोरी ओढत होती.

पोतं भरलं. व्यापाऱ्यानं विचारलं, "किती झाली गं?"

रत्नानं कोळशाच्या खड्यांवरून नजर फिरवली. तीन खडे होते. "तीन ईसा आन् सात."

साठ आणि सात. सदुसष्ट. माझी शंभरपर्यंत उत्तम म्हणणारी मुलं चार खडू आणू शकत नव्हती आणि ही संख्याज्ञान नसलेली मुलगी एका पायानं भावाला झोका देत सदुसष्ट मापं मोजून मोकळी झाली होती.

तिनं मला पाहिलं आणि तोंड मिटलं.

"काशव्वा," मी म्हटलं, "ही लाब लाब काय म्हणत होती?"

काशव्वानं झारा ठेवला, पदरानं तोंड पुसलं. "लाब वो बाई. लाभ. पैल्या मापाला एक म्हनत न्हाईत आमी. एक म्हटलं की एकावरच ऱ्हातंय. लाब म्हनायचं, म्हंजे मागनं दुसरं येतंय, तिसरं येतंय."

"मग एक कधीच म्हणायचं नाही?"

"म्हनायचं की. जेच्यामागं दुसरं न्हाई, तेला म्हनायचं. संध्याकाळी शेवटचा घाणा ऱ्हायला की मी म्हनते, एकच ऱ्हायलाय गं बाई, आता हात धू. पर पैल्यालाच एक म्हनून कसं चालंल? धंदा बसंल की."

माझ्या डोळ्यांसमोर जूनमधली ती रांग उभी राहिली. पहिल्या मुलाच्या डोक्यावर ठेवलेला तो अलगद हात. ती लांब म्हणालीच नव्हती. दारातून आत येणाऱ्या पहिल्या मुलाला ती लाभ म्हणाली होती, म्हणजे त्याच्यामागून दुसरं यावं, तिसरं यावं, आणि बाईंची वखार पोरांनी भरून जावी. आणि पुण्याहून शिकून आलेल्या बाईंनी तिला काय उत्तर दिलं, तर जवळजवळ उभे राहा.

"रत्ना," मी तिच्यासमोर उकिडवी बसले, "तू पहिल्या दिवशी लाब म्हणाली होतीस ना गं?"

तिनं मान हलवली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं." ती आईकडे बघून म्हणाली, "बाई म्हनल्या, लांब नको. आन् सगळी हासली."

काशव्वाला आधी कळेना. कळल्यावर ती एवढी हसली, की तिला पाळण्याचा आधार घ्यावा लागला आणि आतलं पोर जागं झालं. तिच्या हसण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पण ती खरोखरच मनापासून हसत होती, पाहुण्या माणसाची भाषेत गंमत झाली की हसतात तशी. मला मात्र जमीन दुभंगावी असं वाटत होतं. दोनपासून पुढे सगळं येणाऱ्या मुलीला मी नऊ महिने दोनपर्यंत पोचूच दिलं नव्हतं, आणि त्याचा दाखला माझ्याच अक्षरात हेडमास्तरांच्या टेबलावर पडला होता.

"काशव्वा, तुमची मापं मला देता का?" मी विचारलं. "गुरुजी येईपर्यंत, तीन आठवड्यांसाठी."

"कशाला वो?"

"मला मोजायला शिकायचंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हसणं आवरलं आणि आतून धुऊन ठेवलेली तीन मापं आणून माझ्या पिशवीत घातली. सगळ्यात लहान चिपटं, त्याच्या दुप्पट मापटं आणि मापट्याच्या दुप्पट शेर. वर पिशवी भरून चिरमुरे. मी पैसे काढायला लागले तर म्हणाली, "ठेवा वो. पोरं खातील, आन् खात खात शिकतील."

सोमवारी वखारीत भट्टी लागली. मधोमध चादर पसरून त्यावर चिरमुऱ्यांचा ढीग घातला. रत्नाला ढिगामागे बसवलं आणि मुलांना सांगितलं, आजपासून मोजायचं असेल तर मालकीणबाईंना विचारायचं. मालकीणबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "पहिल्या मापाला काय म्हणायचं गं, मी विसरले."

"लाब," ती हळूच म्हणाली.

"लाब!" बाकीची सगळी पोरं ओरडली. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले, ते कोर्सच्या वह्यांत नव्हतं. सुमननं शेरानं दोन मापं भरली आणि बाळगोंडानं तोच ढीग चिपट्यानं मोजला तर आठ भरली. "माझं जास्त," बाळगोंडा म्हणाला. "ढीग तर त्योच हाय," सुमन म्हणाली. दोघं भांडत माझ्याकडे आली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हटलं, मालकीणबाईंना विचारा. रत्नानं काही समजावून सांगितलं नाही. तिनं चिपटं भरून शेरात ओतलं, पुन्हा ओतलं, पुन्हा, पुन्हा. चार चिपट्यांत शेर भरला. बाळगोंडा आ वासून बघत राहिला आणि मग त्यानं ते स्वतः अकरा वेळा करून पाहिलं. अकराव्या वेळीसुद्धा चारच लागली, ह्याचं त्याला कोण आश्चर्य!

मग खाण्याचा खेळ निघाला. प्रत्येकानं पुढ्यात सात चिरमुरे ओळीनं मांडायचे. मी "दोन स्वाहा" म्हटलं की दोन तोंडात टाकायचे आणि उरलेले न मोजता सांगायचे. जो चुकेल त्यानं एक चिरमुरा मालकीणबाईंना द्यायचा. पहिल्या दिवशी रत्नाकडे वाडगंभर जमले. आठवड्यानं वाडगं रिकामं राहायला लागलं, तशी ती तक्रार करायला लागली, "बाई, कोन चुकंनाच की आता."

संध्याकाळी मी रत्नाला घरी पोचवायला जायचे आणि भट्टीपाशी बसून काशव्वाशी बोलायचे. ती सहज बोलता बोलता सांगायची आणि मी घरी जाऊन वहीत उतरवायचे. पोराला आधी मोजू द्यावं आणि आकडा मागनं सांगावा. माप त्याच्या हातात द्यावं, आपण हात मागं बांधून बसावं. सांडलं तर ओरडू नये, सांडलेलंही त्यालाच भरू द्यावं. तिनं बालशिक्षण हा शब्दही कधी ऐकला नव्हता.

पण गुरुजी यायचा दिवस जवळ येत होता. गुरुजी मुलांना एक ते वीस म्हणायला लावणार. रत्ना एकापासून सुरुवात करणार नाही. तिला तसं करायला सांगावं का, ह्याचा मी बराच विचार केला. शेवटी एकदा भीत भीत म्हटलं, "रत्ना, गुरुजींपुढे फक्त एकदा एक म्हणशील?"

तिनं मोठे डोळे करून विचारलं, "आन् मागनं कुनी आलंच न्हाई तर?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

कानडे गुरुजी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आले. उंच, किडकिडीत, धोतर आणि काळा कोट, चेहऱ्यावर हसण्याची एकही रेघ नाही. पालक बाहेर ओसरीवर बसले होते. त्यांत दुंडाप्पा होते आणि भट्टी सोडून धाकट्याला काखेत घेऊन आलेली काशव्वाही होती.

बाळगोंडाचा नंबर आधी लागला. गुरुजींना मण्याची हकिगत कळलेली असावी. त्यांनी विचारलं, "काय रे, आज नाकात किती?"

"एक बी न्हाई," बाळगोंडानं दोन्ही नाकपुड्या वर करून दाखवल्या.

"पास," गुरुजी म्हणाले.

रत्नाचं नाव आलं तेव्हा त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दामलेबाई, हा शेरा तुमचाच ना? संख्याज्ञान नाही. मग हिला पुढे कशाला बसवलंत?"

ओसरीवरचे दुंडाप्पा दारात येऊन उभे राहिले.

"शेरा चुकीचा आहे, गुरुजी," मी म्हटलं. "ती पहिल्या दिवसापासून मोजत होती. मला ते ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नाही म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. लांब आणि लाब, रांग, कोपऱ्यात उभं केलेलं, सगळं. पालकांसमोर, मंडळाच्या अध्यक्षीणबाईंसमोर. संपल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, "मी माझ्या कानांनी ऐकेन."

रत्ना ढिगामागे बसली. चिपटं तिच्या हातात, समोर टोपली. गुरुजी तिच्यासमोर चक्क जमिनीवर बसले.

"मोज," ते म्हणाले.

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. काशव्वानं मान हलवली.

"लाब... लाब... दोन... दोन... तीन."

गुरुजींच्या कपाळावर आठी पडली, पण ते थांबले. सात, आठ. मधेच त्यांनी मुद्दाम विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय गं?"

"आठ, मल्लाप्पा, आठ, नऊ," रत्ना म्हणाली. पालकांत खसखस पिकली. बारा, तेरा. माप खालपासून वरपर्यंत सारखं भरत होतं आणि तिचा सूर जराही हलत नव्हता. सतरा. अठरा. एकोणीस.

"थांब," गुरुजींनी तिचा हात धरला. "किती झाली?"

"एकोनीस."

"आता मला सांग. वीस व्हायला अजून किती मापं घालायची?"

उत्तर एकच होतं, आणि नेमका तोच शब्द गेले नऊ महिने तिच्या तोंडून निघाला नव्हता. मी काशव्वाकडे पाहिलं. तिनं पोराला छातीशी घट्ट धरलं होतं.

रत्नानं टोपलीकडे पाहिलं, हातातल्या चिपट्याकडे पाहिलं आणि क्षणाचाही वेळ न घेता म्हणाली, "एकच."

गुरुजी पुढे झुकले. "एक? आत्ता तर लाभ म्हणत होतीस. आता लाभ का नाही?"

"तेच्यामागं दुसरं न्हाई की," रत्ना त्यांना समजावत म्हणाली, जरा मोठ्यानं, कारण गुरुजींना ऐकू कमी येत असावं असं तिला वाटलं असणार. "तुमीच म्हनलाय न्हवं, ईस?"

कानडे गुरुजी हसले. मी गडहिंग्लजला आल्यापासून ते मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि बहुतेक पालकांनीही. त्यांनी तिच्या हातातून चिपटं घेतलं, स्वतः भरलं आणि टोपलीत ओतलं. मग उठून यादी आणि आपलं पेन माझ्यापुढे धरलं.

"खोडा. तुमचं अक्षर आहे, तुम्हीच खोडा."

मी "संख्याज्ञान नाही" वर रेघ मारली. "काय लिहू, गुरुजी?"

"लिहा, मोजते."

मी तेवढंच लिहिलं. दारात दुंडाप्पा पुढे आले. "घेतली?" त्यांनी विचारलं. "घेतली," मी म्हटलं. त्यांनी वळून बायकोच्या काखेतलं पोर आपल्याकडे घेतलं आणि म्हणाले, "दे हिकडं. आता मलाच सवय करायला पायजे." काशव्वा रिकाम्या हातांनी माझ्याजवळ आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे तळवे भट्टीनं राठ झाले होते. मी तिच्या पाया पडले. तिला ते भलतंच वाटलं, ती मागे सरली, "आवो बाई, काय करतासा!" पण मला दुसरं काही सुचलंच नाही, आणि इतक्या वर्षांनीही वाटतं, तेच बरोबर होतं.

पुण्याला मी गेले नाही. मुळात दाखला मागायला गेलेच नाही. पुढच्या जूनमध्ये नवी मुलं वखारीच्या दारात रांगेत उभी राहिली, तेव्हा मी पहिल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि "लाभ" म्हटलं. त्यानंतर चौतीस वर्षं एकही जून तसं म्हटल्याशिवाय सुरू झाला नाही, आणि एकाही वर्षी रांग कमी पडली नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभ होता. बालवाडी आता पक्क्या इमारतीत गेली होती, मुंग्या मात्र तिथंही आल्या होत्या. मुलांना वाटायला चिरमुरे कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. रत्ना बारावी होऊन निपाणीला लग्न करून गेली होती आणि तिथे तिनं स्वतःची भट्टी टाकली होती. सकाळीच ती पोतं घेऊन आली. वेण्यांच्या जागी अंबाडा, त्याला राखेचा तोच वास. मला वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून काशव्वाचं जुनं चिपटं काढलं. काशव्वा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. चिपट्याची कड झिजून गुळगुळीत झाली होती.

माझ्या जागी आलेली नवी बाई नाशिकची होती. मनवा नाव. हुशार, तरतरीत, हातात रंगीत तक्त्यांची गुंडाळी. तिनं मुलांना ओळीत बसवलं. रत्नानं पोत्याचं तोंड सोडलं, चिपटं भरलं आणि पहिल्या मुलीच्या वाटीत ओतत म्हणाली, "लाब."

मनवा लगबगीनं पुढे झाली. "लांब झाली का ओळ? मुलांनो, सरका बरं, जवळजवळ बसा."

रत्नानं माझ्याकडे पाहिलं. मी रत्नाकडे पाहिलं. तिच्या आईचं ते पाळण्याला धरून हसणं तिच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं आलं आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं.

"मुलं बरोबर बसली आहेत, मनवाबाई," मी म्हटलं. "तुम्हीच जरा जवळ या. सांगते."